दोन चुली, एक सातबारा

बांधकाम परवानगीच्या अर्जात मालकाचं नाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र, रस्त्याची रुंदी, मजले, चटई क्षेत्र असं सगळं विचारलेलं असतं. घरात चुली किती पेटणार, हे कुणी विचारत नाही. पेणला किंवा रोह्याला दोन भावांनी मिळून एकाच जागेवर खाली-वर किंवा भिंतीला भिंत लावून घर बांधायचं ठरवलं, तर निवासी विभागात त्याला आडकाठी करणारा नियम नाही. राष्ट्रीय इमारत संहितेने एक किंवा दोन कुटुंबांची खाजगी घरं ए-२ या एकाच वर्गात बसवली आहेत. म्हणजे कायद्याच्या लेखी एकट्या भावाचा बंगला आणि दोघा भावांचं जोडघर ही सख्खी भावंडंच. तरीही एका कुटुंबाच्या घराचा नकाशा पास होऊन स्लॅब पडतो, आणि दोघांचं घर जोत्यापर्यंत येऊन वर्षानुवर्षं गवतात उभं राहतं. झोनमुळे अडलेली घरं यात थोडी. बाकीची सातबाऱ्यावर अडलेली असतात.

अमेरिकेत हे चित्र बरोबर उलटं आहे. तिथल्या असंख्य गावांनी शहराचे पट्टे पाडून काही भाग फक्त 'एका कुटुंबाच्या घरा'साठी राखून ठेवले, आणि १९२६ साली युक्लिड गावाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा पट्टेवारीला मान्यता दिली. न्यू जर्सीत, जिथे एडिसनसारख्या गावात आपली माणसं मोठ्या संख्येने राहतात, अशा पट्ट्यात दोन कुटुंबांचं घर करायचं तर स्थानिक मंडळापुढे सुनावणी होते, दोनशे फुटांच्या आतल्या प्रत्येक मालमत्ताधारकाला नोटीस जाते आणि सात जणांच्या मंडळात पाच मतं मिळवावी लागतात. अलीकडे तिथेही वारं फिरलं आहे. मिनिआपोलिसने २०१८ साली मंजूर केलेल्या आराखड्यात फक्त एका कुटुंबाचे पट्टे मोडीत काढले, तर ओरेगन राज्याने २०१९ च्या कायद्याने दहा हजारांवर वस्तीच्या शहरांत जोडघरांना मुभा दिली. पण मालकी तिथे बहुधा चोख असते. मुलगा आणि सून आईवडिलांच्या घरात वेगळं स्वयंपाकघर करतात तेव्हा विरोध करतो तो शेजारी. आपल्याकडे शेजाऱ्याला पत्र जात नाही. जेसीबी आल्यावर त्याला कळतं, मग तो तक्रार करतो. आणि बऱ्याचदा तो शेजारी म्हणजे चुलतभाऊच असतो.

आता जमिनीच्या कागदाकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

समजा, रोह्याजवळच्या एखाद्या गावात तीन गुंठ्यांचा तुकडा आहे. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, त्याखाली वारस म्हणून वडील, दोन काका आणि एक आत्या. वडील गेल्यावर दोघा भावांनी तलाठ्याकडे आपली नावं लावून घेतली. बहिणीचं नाव लागलं का? पूर्वी ते सरसकट राहून जायचं, किंवा राहू दिलं जायचं. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार मानलं, केंद्राच्या कायद्यात ती दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून आली, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने मिळतो, २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते याच्याशी त्याचा संबंध नाही. तेव्हापासून नकाशा पास करणारा कारकून बहिणीच्या सहीशिवाय फाइल पुढे सरकवत नाही, आणि बँकेचा वकील तर मुळीच नाही. बहीण ठाण्याला, आत्या सुरतेला, एका काकांची मुलं पत्त्यावर सापडत नाहीत. भाऊबीजेला सगळे जमतात तेव्हा हक्कसोडपत्राचा विषय काढायचा की नाही, या पेचात कितीतरी घरांची पायाभरणी एका दिवाळीवरून दुसऱ्या दिवाळीवर ढकलली जाते. बहिणीने हक्क सोडावाच, असं मी म्हणत नाही. सही द्यायची ती दिल्याघेतल्याचा हिशेब करून, नोंदणी कार्यालयात, समजून-उमजून. हळदीकुंकवाच्या ताटासोबत पुढे केलेल्या कोऱ्या स्टॅम्प पेपरवर नव्हे.

सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात तर या जिल्ह्याचा अख्खा इतिहास कोंबलेला असतो. जुना कुलाबा जिल्हा हा खोतांचा आणि कुळांचा. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून चरीच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं संप केला तो याच जिल्ह्यात. कूळ कायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कुळं कागदोपत्री मालक झाली, पण रकान्यात 'कूळ कायदा कलम ४३ ला पात्र' हा शेरा राहिला. तो असेपर्यंत विकायला, गहाण ठेवायला परवानगी लागे, आणि गहाण नाही तर घरकर्ज नाही. २०१४ च्या दुरुस्तीने वाट मोकळी झाली. खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षं होऊन गेली असतील, तर जमिनीच्या आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीस पट नजराणा भरला की पुरे. आकार बहुतेक ठिकाणी काही रुपयांचा, त्यामुळे नजराणा चहापाण्याच्या खर्चात बसतो. अडचण असते ती प्रमाणपत्र शोधण्याची. आजोबांनी ते कुठल्या पेटीत ठेवलं, हे आजोबांनाच ठाऊक होतं.

याच रकान्यात कधी 'खाजगी वन' असा शेरा भेटतो. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याखाली नुसत्या जुन्या नोटिशीच्या आधारावर रायगडात पुष्कळ सातबाऱ्यांवर हे शिक्के बसले. २०१४ मध्ये गोदरेज अँड बॉइस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा नुसत्या नोटिशीला अर्थ नाही असं ठरवलं. पण न्यायालयात निकाल लागणं आणि आपल्या उताऱ्यावरून शिक्का जाणं यांमध्ये बरीच पायपीट असते. जमीन आदिवासीची असेल तर महसूल संहितेची हस्तांतरावर बंधन घालणारी ३६ आणि ३६-अ ही कलमं लागतात, आणि ती लागलीच पाहिजेत.

गावठाणातली कथा वेगळी. तिथे सातबाराच नसतो. असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८, लोकांच्या बोलीत 'घराचा उतारा'. तो घरपट्टीसाठी केलेला कागद आहे, त्याने मालकी सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं, तरी गावातले सगळे व्यवहार त्याच्यावरच चालत आले. यावर उपाय म्हणून पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि एप्रिल २०२० मध्ये केंद्राने तो 'स्वामित्व' नावाने देशभर नेला. ज्या गावात मिळकत पत्रिका हाती आल्या, तिथे दोन भावांचं काम निम्मं हलकं झालं. पण ड्रोन वरून छप्पर बघतो. एका कौलाखाली माजघरात भिंत घालून दोन घरं झालेली असतील, ओटी एकाची आणि परसू दुसऱ्याचा असेल, तर ते त्याला दिसत नाही. चौकशीच्या दिवशी घरात जो हजर, त्याचं नाव. पत्रिका आल्यावर भांडणं मिटली तशीच काही घरांत नव्याने सुरूही झाली.

एवढं सगळं पार केल्यावर अर्ज कुणाकडे करायचा हा प्रश्न येतो. इथे पेण आणि रोहा यांची वाट फुटते. दोन्ही नगरपरिषदांची गावं, रस्त्याने चाळीसेक किलोमीटरचं अंतर, मध्ये नागोठणं. पण पेण मुंबई महानगर प्रदेशात मोडतं, रोहा मोडत नाही. रोह्याचं त्यामानाने सरळ आहे. रोहा अष्टमी नगरपरिषदेची हद्द असेल तर मुख्याधिकारी, धाटावच्या औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसी, आणि बाकी गावांना १९९२ साली मंजूर झालेली रायगड प्रादेशिक योजना. तिथे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचे, तांत्रिक मत अलिबागच्या नगररचना शाखेचं. पेण तालुक्यात मात्र शेजारच्या दोन गावांना दोन वेगळी पुस्तकं लागू असू शकतात. शहरात नगरपरिषदेचा विकास आराखडा, काही गावांत महानगर प्रदेशाची योजना, काही ठिकाणी रायगडची, उत्तरेकडच्या गावांत २०१३ पासून सिडकोचं नैना, म्हणजे नवी मुंबई विमानतळाचं प्रभाव क्षेत्र. त्यात १५ ऑक्टोबर २०२४ च्या अधिसूचनेने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली मिळून १२४ गावं कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी एमएमआरडीएच्या हाती गेली. अटल सेतू झाला, विरार-अलिबाग मार्गिकेचं टोक बाळवलीला येणार, म्हणजे तिसरी मुंबई दाराशी आली. ती आली म्हणून गावातल्या माणसाला दोन खोल्या वाढवायला कुठल्या खिडकीपाशी उभं राहावं लागेल, हे अधिसूचनेच्या भाषेतून उलगडत नाही. ज्या पेण तालुक्यातल्या हेटवणे लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी सप्टेंबर २००८ मध्ये महामुंबई सेझविरुद्ध जनमत दिलं, तिथे वरून येणाऱ्या आराखड्याकडे संशयाने पाहिलं जातं, यात नवल नाही. म्हणून पहिला कागद काढायचा तो 'झोन दाखला'. फी किरकोळ असते, आणि पुढचे लाखभर रुपये वाया जायचे की नाही हे तोच सांगतो.

नियमांचं पुस्तक मात्र आता बरंचसं एक झालं आहे. एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. मुंबई, नैना, एमआयडीसी अशी काही क्षेत्रं वगळली, तर पेण-रोह्यासकट राज्यभर तीच चालते. छोट्या घरासाठी तिच्यात खरोखर चांगली सोय आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर वास्तुविशारदाचं किंवा परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र, नकाशे आणि शुल्काची पावती दाखल केली की काम सुरू करता येतं. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवाना. ग्रामीण भागासाठी फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने हेच फुटांत सांगितलं: १,६०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतीला कागद द्या आणि बांधा, ३,२०० पर्यंत ग्रामपंचायतच दहा दिवसांत प्रमाणपत्र देईल, नगररचनाकाराकडे जायला नको.

आता गंमत बघा. आपल्याकडे घराची जागा गुंठ्यांत मोजतात. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. दीड गुंठा १,६३३, तीन गुंठे ३,२६७. म्हणजे गावाकडे सर्रास आढळणारे दीड आणि तीन गुंठ्यांचे तुकडे या दोन्ही सवलतींच्या उंबऱ्याबाहेर अनुक्रमे ३३ आणि ६७ चौरस फुटांनी राहतात. आकडे ठरवणाऱ्याने मीटरचं फुटांत रूपांतर केलं, गुंठ्यात करून पाहिलं नाही. मग अभियंता सुचवतो की रस्त्यासाठी थोडी जागा सोडल्याचं दाखवू. दाखवलेली जागा पुढे खरंच सोडावी लागते, हे भिंत बांधताना लक्षात येतं.

तीन गुंठ्यांवर दाट वस्तीबाहेर, रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असला तरी, १.१० मूळ चटई निर्देशांक मिळतो. म्हणजे साधारण ३,६०० चौरस फूट बांधकाम, प्रत्येक भावाला अठराशे. दोन कुटुंबांना भरपूर. पण तीच जागा आधी कागदोपत्री दीड-दीड गुंठ्यांत वाटून घेतली आणि दोन स्वतंत्र घरं काढायला गेलं, की पुढची, मागची, बाजूची मोकळी जागा दोनदा सोडावी लागते, आणि मागच्या भावाला रस्ता कुठून, हा प्रश्न उभा राहतो. निर्देशांक तेवढाच राहतो, घर मात्र आक्रसतं. मोकळी जागा वाचवायची तर मधली भिंत सामाईक ठेवून जोडघर करावं आणि दोघांनी एकत्र अर्ज द्यावा. माझं मत विचाराल तर भावाभावांत बोलणं असेल, तर जमीन अविभक्त ठेवून इमारत वाटणं शहाणपणाचं. बोलणं नसेल, तर आधी मोजणी, मग पोटहिस्सा, मग नकाशा. उलट्या क्रमाने गेलेल्यांच्या फाइली दिवाणी न्यायालयात भेटतात.

तुकडेबंदीचा १९४७ चा कायदाही या वाटेत बसलेला होता. शेतजमिनीचे फार बारीक तुकडे होऊ नयेत हा हेतू चांगला होता, पण घरासाठी गुंठा-दोन गुंठे घेणाऱ्याचं खरेदीखत त्याने नोंदणीबाहेर ठेवलं. २०२५ मध्ये सरकारने नागरी आणि निवासी वापराच्या क्षेत्रांपुरता तो सैल केला. त्याआधी बिनशेतीची जाचक साखळीही तुटायला लागली होती. महसूल संहितेच्या ४२-ड कलमाने गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतल्या जमिनीला निवासी वापरासाठी वेगळी बिनशेती (एनए) परवानगी लागेनाशी झाली. ठरलेली रक्कम भरली की झालं. तरीही गावोगाव 'एनए करून देतो' म्हणणारे दलाल आहेतच, कारण दोनशे मीटर कुठून मोजायचे हे नकाशावर दाखवून देणारा माणूस लागतो.

पेणच्या घरांचं आणखी एक वैशिष्ट्य नोंदवायला हवं. शहरात आणि हमरापूर-जोहे पट्ट्यात पुष्कळ घरांचा तळमजला गणपतीचा कारखाना असतो. एक भाऊ वर राहतो, दुसऱ्याच्या खोलीत मूर्ती वाळतात, अंगणात ताडपत्रीची शेड. निवासी विभागात घरगुती उद्योगाला जागा आहे, त्यामुळे झोनची हरकत सहसा येत नाही. पण नकाशात 'वाहनतळ' म्हणून दाखवलेल्या जागेत फेब्रुवारीपासून गणेशचतुर्थीपर्यंत मूर्तींची रांग असते. भोगवटा प्रमाणपत्राच्या तपासणीला येणाऱ्याने कोणता महिना निवडला, यावर बरंच काही ठरतं.

नदीचं प्रकरण एवढ्या हसण्यावारी नेण्यासारखं नाही. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीने नागोठणं आणि जांभुळपाडा एका रात्रीत झोपवलं. भोगावती पेणमधून, कुंडलिका रोह्याला खेटून जाते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल, असा जलसंपदा खात्याचा हिशेब असतो. निळ्या रेषेच्या आत नवं घर नाही. निळ्या-लालच्या मध्ये बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या वर घ्यावं लागतं. दोन कुटुंबांच्या घरात याचा अर्थ असा की खालच्या भावाचा तळमजला बऱ्याचदा खांबांवर जातो, आणि वाटणीचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. खाडीकाठच्या गावांना वर सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम, आहेतच. खारेपाटात बांधबंदिस्तीच्या आत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाला समजत नाही की भरतीची रेषा आपल्या ओटीवरून कशी गेली. महामार्ग ६६ च्या कडेला बांधकामाची रेषा, रेल्वेच्या हद्दीपासून तीस मीटरच्या आत रेल्वेचा ना-हरकत दाखला, रोह्याच्या पश्चिमेला फणसाड अभयारण्याचा शेजार, हे सगळे दाखले आपापल्या गतीने येतात.

जुन्या आळ्यांत नियम उदार आहेत. दाट वस्तीत भिंतीला भिंत लावता येते. गल्ली साडेचार मीटरपेक्षा अरुंद असेल तर तिच्या मध्यापासून सव्वादोन मीटर सोडून बांधायचं. लोकांना ते सव्वादोन मीटर खुपतात. मग नव्या घराला 'जुन्या घराची दुरुस्ती' म्हणतात. कौलं उतरतात, भिंती एकेक करून बदलतात, आणि चार महिन्यांनी जुन्या जोत्यावर दोन मजली आरसीसी घर उभं असतं. नगररचना अधिनियमाच्या ५३ व्या कलमाची नोटीस आली की चुलतभावाने अर्ज केला असणार, हे गावाला न सांगता कळतं.

खर्चाचं थोडक्यात. निवासी बांधकामाला विकास शुल्क जमिनीवर बाजारमूल्य दराच्या अर्धा टक्का आणि बांधकामावर दोन टक्के. बांधकाम खर्च ठरावीक मर्यादेवर गेला तर एक टक्का कामगार उपकर. साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे परवानगी मिळाली असं मानता येतं, पण नकाशा नियमांत तंतोतंत बसला तरच. त्या 'मानीव' परवानगीवर घर बांधायची हिंमत मी तरी कुणाला देणार नाही. नाकारल्यास चाळीस दिवसांत अपील आहे. परवाना एक वर्षाचा, नूतनीकरण करत एकूण चार वर्षं. भावाभावांच्या घराला चार वर्षं सहज लागतात, कारण एकाचं कर्ज मंजूर होतं आणि दुसऱ्याचं होत नाही.

घर झाल्यावरही दोन कुटुंबं कागदावर दिसायची राहतात. भोगवटा प्रमाणपत्रात दोन सदनिका नोंदवलेल्या नसतील, तर दुसरी घरपट्टी आणि दुसरा वीज मीटर मागताना वेगळा दरवाजा आणि वेगळं स्वयंपाकघर दाखवत बसावं लागतं. मजल्यांची मालकी वेगळी करायची तर सोसायटीचा मार्ग बंद, तिला किमान पाच सदस्य लागतात. १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालचा घोषणापत्राचा मार्गही बंदच, त्यालाही इमारतीत किमान पाच सदनिका लागतात. 

आणि ज्यांच्याकडे कुठलाच उतारा नाही ते? पेण-रोह्याच्या डोंगरकुशीतल्या कातकरी वाड्या पुष्कळदा दुसऱ्याच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. २०२३ च्या जनमन योजनेत अशा आदिम जमातींच्या घरकुलाला दोन लाख रुपये आहेत. पण पाया ज्या जागेवर घालायचा ती जागा नावावर नाही, म्हणून पैसे मंजूर आणि घर नाही, अशी अवस्था येते. तिथे नियमावलीतल्या सवलती वाचून दाखवणं म्हणजे क्रौर्य आहे. आधी जागा नावावर व्हायला हवी, आणि ते काम महसूल खात्याचं.

बाकीच्यांसाठी वेळापत्रक कोकणातल्या पावसाने ठरवलेलं आहे. भूमी अभिलेखची मोजणी भात उभं असताना होत नाही, बांध पाण्याखाली असतात. बांधकाम दिवाळीनंतर ते मे अखेर. म्हणून मोजणीचा अर्ज होळीपूर्वी, वारसनोंद आणि हक्कसोड उन्हाळ्यात बहिणी माहेरी येतात तेव्हा, झोन दाखला आणि नकाशे पावसाळ्यात, आणि परवाना नवरात्राच्या आसपास हातात, असा क्रम लावणाऱ्यांची जोती त्याच हंगामात वर येतात. दिवाळीत नारळ फोडून मग तलाठ्याकडे जाणाऱ्यांना पुढच्या वर्षीच्या सिमेंटचा भाव विचारायला हरकत नाही.